लोखंडी पट्ट्या आणि वेखंडाची पूड

झोपाळ्याची फळी उतरवायला तिघे लागले. साखळ्या आधीच काढून झाल्या होत्या. पितळेच्या कड्या एकेक करून जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून अक्कांनी डब्यात भरल्या आणि डब्यावर तमिळमध्ये ‘ऊंजल’ असं लिहिलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड अशी सागाची एकसंध फळी. घर तंजावरचं, मेल वीधीच्या मागच्या बोळातलं. घरातली माणसं भोसल्यांच्या राजवटीत इकडे येऊन कायमची राहिलेल्या मराठी कुळांपैकी. म्हणजे देवापुढची आरती मराठीत आणि भाजीवाल्याशी भांडण तमिळमध्ये. घर विकलं गेलं होतं आणि झोपाळा पुण्याला अक्कांच्या धाकट्या मुलाच्या फ्लॅटमध्ये जाणार होता. मी नात्यानं थोडा लांबचा, पण पुण्याचा आणि रिकामा, म्हणून ‘जरा उभं राहून लक्ष ठेवा’ एवढ्या कामासाठी तिथे गेलो होतो.

सामान बांधणाऱ्यांच्या मुकादमानं फळी उलटी केली, तिच्या पोटावर आडव्या दोन लोखंडी पट्ट्या ठेवल्या आणि ड्रिल मशीन काढलं. ट्रकमध्ये फळी वाकू नये, फुटू नये म्हणून हा बंदोबस्त. साखळ्या सोडवायला बोलावलेला म्हातारा आसारी, म्हणजे तिथला सुतार, ओसरीच्या खांबाला टेकून बघत होता. त्यानं एकच शब्द उच्चारला, ‘‘इरुक्कादे.’’

‘‘आवळू नको म्हणतात ते,’’ अक्का म्हणाल्या.

मुकादम हसला. मीही मुकादमाच्या बाजूचा. बाराशे किलोमीटरचा रस्ता, मधे घाट. दोन पट्ट्या असलेल्या बऱ्या, असं मला अगदी मनापासून वाटलं. सोळा स्क्रू बसले. फळी पुण्याला पोचली तेव्हा तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पट्ट्या काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. खालून कोण बघतं? पुढच्या एप्रिलमध्ये एका दुपारी काठी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि फळीच्या मधोमध, रेषेच्या दिशेनं, हातभर लांब फट पडली. झोपाळ्यावर तेव्हा कुणी बसलेलंही नव्हतं.

सामान हलवताना काय बिघडतं, असं विचारलं की आपल्या डोळ्यांपुढे हमालाच्या हातून निसटलेलं टेबल येतं. तसं होतंच. पण ते नुकसान त्याच दिवशी दिसतं, त्यावर भांडता येतं आणि बऱ्याचदा दुरुस्तही होतं. लाकडी सामानाचं मोठं नुकसान प्रवासात होत नाही. ते प्रवासाच्या आधी आणि नंतर, सामान नुसतं उभं असताना होतं. त्यातलं बरंचसं आपण ‘संरक्षण’ म्हणून जे करतो त्यानंच होतं.

लाकूड तोडून, कापून, पॉलिश करून शंभर वर्षं झाली तरी हवेतला दमटपणा घेणं आणि सोडणं ते थांबवत नाही. हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहिला तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे सोळा टक्के पाणी मुरतं. हवा चाळीस टक्क्यांवर उतरली की ते सात-आठ टक्क्यांवर येतं. पाणी कमी झालं की लाकूड आकसतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत मात्र हलतं, आणि फळी बुंध्यातून कशी चिरली आहे त्यावर ते किती हे ठरतं. सागाचं लाकूड या बाबतीत शहाण्यांत मोडतं. म्हणून तर जहाजांना साग वापरायचे. तरीही उभी न चिरता आडवी चिरलेली सागाची फळी पाण्याच्या प्रत्येक टक्क्यामागे रुंदीच्या सुमारे ०.२ टक्के कमी-जास्त होते.

आता आमच्या फळीचा हिशेब करा. तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, चहूकडे कालवे आणि भातशेती, समुद्र फार लांब नाही. तिथल्या जुन्या, उघड्या चौकाच्या घरात फळीत तेरा-चौदा टक्के पाणी असणार. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत घसरतो, रात्री थोडा सावरतो. काही महिने तिथे राहिली की फळी सात टक्क्यांवर येते. सहा-सात टक्क्यांचा फरक, साठ सेंटिमीटर रुंदी: म्हणजे फळीला सात-आठ मिलिमीटर आकसायचं होतं. वरच्या बाजूनं तिला कुणी अडवलं नव्हतं. खाली दोन लोखंडी पट्ट्या होत्या, आणि लोखंड काही हवेबरोबर आकसत नाही. जिथं आकसायला वाव नाही तिथं लाकूड फुटतं. मुकादमाच्या पट्ट्यांनी फळी घाटात सांभाळली आणि दिवाणखान्यात फोडली.

हा फरक सरकारी कागदपत्रांतही मान्य आहे. इमारती लाकडात किती ओल चालेल हे सांगणारं भारतीय मानक, आयएस २८७, देशाचे हवेच्या दमटपणानुसार चार विभाग करतं आणि प्रत्येक विभागासाठी वेगळी मर्यादा देतं. म्हणजे लाकडालाही जिल्हा बदलल्यावर नव्यानं रुळावं लागतं. ते रुळायला त्याला वेळ द्यायचा असतो, एवढंच त्या आसारीचं म्हणणं होतं.

मग हलवायचं कधी? इथे मराठी माणसाची हमखास गफलत होते. ‘पावसाळा संपला की हलू’ असं आपण म्हणतो आणि दिवाळीनंतरची तारीख धरतो. तंजावरचा पावसाळा तेव्हा ऐन भरात असतो. तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळंही याच दिवसांत येतात. १६ नोव्हेंबर २०१८ ला ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि तंजावर जिल्ह्यातल्या नारळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा दिवसांत ताडपत्रीखालून ट्रकमध्ये चढवलेलं लाकूड पाण्यानं टम्म फुगलेलं असतं आणि पुण्यात नेमकं कोरड्या हिवाळ्यात उतरतं. माझ्या मते तंजावरहून देशावर लाकडी सामान आणायचं तर जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला आणावं. तिकडे तेव्हा ऊन असतं, इकडे हवा ओलसर. लाकडाला धक्का बसत नाही आणि पुढचे सहा महिने ते हळूहळू कोरडं होत जातं. रस्त्यात पाऊस लागेल, पण त्याला ताडपत्री पुरते. जुलैच्या मध्यापासून मात्र तमिळ आडी महिना लागतो, आणि आडीत नव्या घरात पाऊल टाकायला तिथले लोक राजी नसतात. आपल्या पितृपक्षासारखंच. त्यामुळे आडी संपता संपता टेम्पोचे भाव चढतात, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

तंजावरकरांना साठवणुकीची कला कुणी शिकवायला नको. शहराच्या मधोमध तिची शाळाच आहे. राजवाड्याच्या आवारातलं सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२). ताडपत्रं, कागदी पोथ्या, मोडीतले दप्तरखान्याचे कागद असा हजारोंचा साठा, आणि हवा अशी की चपला कोपऱ्यात ठेवल्या तर महिन्यात बुरशी धरतील. त्या हवेत हा साठा टिकला त्यामागे एक साधी पुरचुंडी आहे. वेखंड, काळं जिरं, दालचिनी, मिरं आणि लवंग यांची पूड करायची, त्यात कापूर मिसळायचा आणि कापडाच्या छोट्या पुरचुंड्या बांधून पोथ्यांशेजारी ठेवायच्या. वेखंड आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात. तमिळमध्ये त्याला वसंबु म्हणतात, आणि लाडाचं नाव ‘पिळ्ळै वळर्प्पान’, पोरं वाढवणारा. त्यातलं असारोन नावाचं द्रव्य किड्यांना मानवत नाही. ताडपत्रं कडक होऊन तुटू नयेत म्हणून त्यांना गवती चहाच्या तेलाचा हात देतात.

मला या पुरचुंडीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वेखंड वाटत नाही. तिचा वास काही महिन्यांत उडून जातो, ती शहाणी गोष्ट. वास उडाला की पुरचुंडी बदलावी लागते. बदलायची तर कपाट उघडावं लागतं. उघडलं की वारा लागतो, उजेड पडतो, आणि कसर लागली असेल तर कुणाच्या तरी नजरेला पडते. पोथ्यांची बांधणीही तशीच: ताडपत्रांच्या खाली-वर एकेक लाकडी पाटी, आणि पानांच्या भोकांतून ओवलेली दोरी. पानं सरकतील, पण विखुरणार नाहीत. मुकादमाच्या सोळा स्क्रूंच्या नेमकं उलट.

घरोघरी हीच शिकवण कोलूमधून मिळते. नवरात्रात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या, हा तमिळ घरांतला सोहळा तंजावरच्या मराठी घरांनीही आपला केला. मातीच्या आणि कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या, तांबड्या चंदनाची मरपाची जोडी, तंजावरची मान डोलावणारी बाहुली. दहा दिवस दिवाणखान्यात, बाकीचे साडेअकरा महिने माळ्यावरच्या पेटीत. अक्कांची पेटी उघडली तेव्हा मी बारकाईनं पाहिलं. प्रत्येक बाहुली धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराच्या तुकड्यात. जड बाहुल्या तळाला, आडव्या नव्हे, उभ्या. मधल्या फटींत कापडाचे बोळे. वर्तमानपत्र कुठेच नाही. ‘‘पूर्वी पेपर घालायचो. वाळवीनं पेपर खाल्ला आणि पेपर संपल्यावर कृष्णाचा पाय खाल्ला,’’ अक्का म्हणाल्या. लगद्याची बाहुली म्हणजे वाळवीच्या दृष्टीनं कागदच. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत एक यादी चिकटवलेली, आणि यादीपुढे दरवर्षीची खूण. त्या खुणेसाठी तरी वर्षातून एकदा पेटी उघडायलाच लागते.

यादीवरून तंजावरचीच एक जुनी हकिकत आठवते. दुसऱ्या शिवाजीराजांचं २९ ऑक्टोबर १८५५ ला निधन झालं. मागे मुलगा नव्हता. वर्षभरानं, ऑक्टोबर १८५६ मध्ये, कंपनी सरकारचे कमिशनर फोर्ब्स यांनी शिपाई घेऊन राजवाडा ताब्यात घेतला आणि आतल्या चीजवस्तूंवर कंपनीच्या मोहरा ठोकल्या. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथे जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल फिरवला: ही राजसत्तेची कृती आहे, तिच्यावर कुठल्याही कोर्टाला बोलता येणार नाही. राज्याची मालमत्ता कुठली आणि राजाची घरची कुठली, असा फरक जप्तीच्या वेळी केलाच नव्हता, हा त्या खटल्यातला कळीचा मुद्दा. पुढे १८६२ मध्ये सरकारनं खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. ग्रंथांची शिस्तशीर वर्गवारी व्हायला आणखी वेळ गेला. तंजावरचे न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली ती १८८० मध्ये छापून निघाली.

आपल्या घरात मोहरा ठोकायला कुणी येत नाही, पण ट्रकचं दार लागलं की आपलं काय आणि किती, हे सिद्ध करायची पाळी आपल्यावरच येते. रस्त्यानं माल नेण्याबद्दलचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम सांगतात की मालाची किंमत आधी लिहून दिलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. दावा करायचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. म्हणून यादीत ‘टेबल १’ असं लिहून भागत नाही. ‘शिसवी टेबल, डाव्या मागच्या पायाला जुनी चीर, किंमत इतकी’ असं लिहावं, फोटो काढावा आणि यादीवर वाहतूकदाराची सही घ्यावी. जुनी चीर आपणच लिहिलेली असली की नव्या चिरेबद्दल बोलायला तोंड राहतं.

आता बांधणीकडे. पहिला थर कापडाचा. जुनी चादर, धोतर, सुती साडी, काहीही, पण सुती आणि धुतलेलं. त्यावर गोधडी किंवा पन्हळी पुठ्ठा, कोपऱ्यांना दुहेरी. सगळ्यात वर, पावसाची भीती असेल तरच, प्लास्टिक. आणि ते सामान उतरल्याच दिवशी काढून टाकायचं. आजकाल पहिलाच थर बबल रॅपचा असतो. जुन्या सामानाला लाखेचं पॉलिश असतं आणि लाख उन्हानं मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद ट्रकच्या पोटात काय तापमान होतं ते हात घालून बघावं. असं मऊ झालेलं पॉलिश बुडबुड्यांचे ठसे इमानेइतबारे घेतं. आमच्याच घरातल्या एका जेवणाच्या टेबलावर अजून देवीचे व्रण असल्यासारखे गोल गोल डाग आहेत. बबल रॅप वापरायचाच तर आत कापड, आणि बुडबुड्यांची बाजू बाहेर.

पूर्वी या भागात भाताचा पेंढा भरून भांडी आणि मूर्ती पाठवायचे. पेंढा झकास झेल घेतो, पण ओल धरतो आणि किडे आणतो. दोन दिवसांच्या प्रवासाला ठीक. साठवणीत पेंढा ठेवू नये.

जुनं सामान सुटं करता येतं हे त्याचं मोठेपण. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात, वरून पाचर. पाचर ठोकून काढली की पलंगाच्या पाट्या वेगळ्या. आसारीनं अक्कांचा पलंग सोडवताना सांध्यांवरच्या बारीक खाचा दाखवल्या. एका सांध्याला दोन्ही लाकडांवर एक खाच, पुढच्याला दोन, त्यापुढच्याला तीन. कुणी तरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी छिन्नीनं केलेल्या त्या खुणा, म्हणजे जोडणीचा नकाशाच. आपण पेन्सिलीनं आतल्या बाजूला आकडे घातले तरी चालतात. स्क्रू, कड्या, किल्ल्या यांची पुरचुंडी त्याच वस्तूला बांधायची. ‘सगळे स्क्रू एका पिशवीत’ हा पश्चात्तापाचा मार्ग आहे. टेबल उचलायचं ते चौकटीला धरून, वरच्या फळीला धरून नव्हे. खुर्ची बैठकीखालून, हातांना धरून कधीच नाही. आरसा आणि संगमरवरी पाट नेहमी उभे न्यायचे. आरशावर चिकटपट्टीची फुली मारतात त्यानं आरसा फुटायचा थांबत नाही; फुटला तर तुकडे सांडत नाहीत, एवढंच. लोखंडी कपाट रिकामं करून, दारं लावून, उभंच न्यावं.

भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं सामान, जे आता बहुतेक फ्लॅटांमध्ये असतं, त्याबद्दल माझं मत कडू आहे. त्या पाटीनं पाणी प्यायलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात दुसऱ्यांदा तितकं धरत नाही. असं कपाट सोडवून बाराशे किलोमीटर नेण्यापेक्षा तिथेच कुणाला देऊन टाकावं. भाड्याचे पैसे वाचतात आणि घेणाऱ्याचा दुवा मिळतो.

तंजावरच्या घरात दोन वस्तू अशा असतात की त्यांना सामान म्हणणं जिवावर येतं. पहिली तंजावर चित्र. ते कागदावर किंवा साध्या कॅनव्हासवर नसतं. फळी, बऱ्याचदा फणसाची, तिच्यावर डिंकानं चिकटवलेलं कापड, त्यावर खडूच्या पुडीचा लेप, लेपाचे उंचवटे करून त्यात काचेचे खडे आणि वर सोन्याचा वर्ख. पाच वेगवेगळ्या वस्तू एकमेकांना धरून बसलेल्या, आणि दमट हवेत प्रत्येकीची चाल निराळी. फळी हलली की लेपाला तडा जातो, आणि तडा गेला की वर्ख सुटतो. म्हणून चित्राच्या तोंडाला काहीही टेकता कामा नये. काच असेल तर ती काढायची नाही. चौकटीपेक्षा थोडी मोठी लाकडी खोकी करून, कोपऱ्यांवर तोलून, चित्र उभं ठेवायचं. ओल्या फडक्यानं ‘जाण्याआधी जरा पुसून’ घ्यायचा मोह तर निक्षून टाळायचा. खडूचा लेप पाण्यानं मऊ पडतो.

दुसरी वीणा. तंजावर वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती फणसाच्या लाकडाची. एकाच ओंडक्यातून कोरलेली असली तर तिला एकांड वीणा म्हणतात आणि तिचा मान मोठा. लोकांना भीती वाटते ती भोपळा आपटायची. खरी नाजूक जागा दांडीवर आहे. चोवीस पडदे काळ्या मेणाच्या दोन कण्यांवर बसवलेले असतात. मेणात कोळशाची पूड घालून तो लेप करतात. उन्हात बंद गाडीत वीणा ठेवली की मेण नरम पडतं, पडदे हलतात, आणि वीणा दिसायला तशीच पण सुरांना पारखी होते. पडदे पुन्हा बसवायला जाणकार कारागीर लागतो आणि तो प्रत्येक गावात मिळत नाही. तारा थोड्या सैल करा, पेटीत कापडाचे बोळे भरा आणि वीणा आपल्याबरोबर रेल्वेच्या डब्यात न्या. ट्रकमध्ये नको.

घर मिळेपर्यंत सामान गोदामात ठेवायची वेळ अनेकांवर येते. तिथे गेल्यावर दर विचारण्याआधी भिंतीचा वास घ्यावा. कुबट वास आला तर परत फिरावं. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर रेंगाळला की बुरशी धरते, आणि प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेल्या वस्तूच्या आत तो आपोआप तसा रेंगाळतो. दिवसा तापायचं, रात्री आत दव धरायचं. सामान जमिनीपासून चार-सहा बोटं उंच, लाकडी पट्ट्यांवर किंवा विटांवर ठेवावं. भिंतीपासून वीतभर अंतर. हे अंतर हवेसाठी आहेच, पण त्याहून जास्त डोळ्यांसाठी आहे: वाळवी मातीचे बोगदे बांधत येते, आणि भिंत न् कपाट यांच्यात जागा असेल तर ती रेघ दिसते. वेखंडाची पुरचुंडी वाळवीला अडवत नाही. तो कसर आणि झुरळांचा इलाज आहे. वाळवीला नजरच लागते.

भुंग्याचं वेगळं. तो सागाच्या किंवा फणसाच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला आंब्याचं, रबराचं लाकूड आवडतं, नाहीतर चांगल्या लाकडाची बाहेरची पांढरी बाजू, कारण पिष्ट तिथे असतं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली म्हणून घाबरू नये, ती वीस वर्षांपूर्वीची असू शकतात. वस्तूखाली काळा कागद पसरून आठवडाभरानं बघावं. पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर भुंगा घरात आहे. ती वस्तू बाकीच्या सामानात मिसळण्याआधी इलाज करावा.

परदेशी नेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती पणजीची का असेना. आणि शिसवाच्या कुळातल्या साऱ्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय साइटिस कराराच्या यादीत आहेत. शिसवी खुर्ची जहाजावर चढवण्याआधी कागदपत्रांची चौकशी करा. खोक्याचं लाकूडही ५६ अंशांवर अर्धा तास तापवून शिक्का मारलेलं लागतं, नाहीतर बंदरातच अडकतं.

आमच्या फळीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फट पडल्यावर पुण्यातल्या सुतारानं ती भुसा आणि गोंद भरून बुजवायचं ठरवलं होतं. अक्कांनी फोनवरून आसारीला विचारलं. त्याचा निरोप आला: पट्ट्या काढा आणि फटीला हात लावू नका. स्क्रू काढताना शेवटचे चार इतके घट्ट बसले होते की त्यांची डोकी तुटली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो तेव्हा फटीत पोस्टकार्ड जेमतेम शिरत होतं. एप्रिलमध्ये त्याच जागी रुपयाचं नाणं उभं राहायचं.